घाटाची गाडी घाटातच पारखा

आम्ही म्हणजे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवरच्या गावांत बचत गटांचं काम बघणाऱ्या समन्वयक ताया. आज गटाच्या वह्यांबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे चार्जिंगच्या गाडीबद्दल. कारण गेल्या दोन-तीन वर्षांत गटांकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांत शेळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला ही गाडीही दिसायला लागली आहे. आणि या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

आपल्याकडचं जाणं-येणं तुम्हाला माहीतच आहे. एसटीच्या वेळा ठरलेल्या, आणि एक चुकली की वडाप. वडाप भरल्याशिवाय हलत नाही. बँकेत अकराला पोचायचं तर बाईला साडेआठलाच फाट्यावर उभं राहावं लागतं. संध्याकाळी शेवटची एसटी गेली, तर घरी फोन करून कुणाला तरी न्यायला बोलवावं लागतं. त्यामुळे 'आपली गाडी' ही हौस नाही. कुणाच्या तोंडाकडे न बघता जाता यावं आणि येता यावं, एवढीच मागणी आहे.

आमच्या एका गटातल्या ताई शिवणकाम करतात. साताऱ्यातल्या दुकानातून कापड आणायचं, शिवून पोचवायचं, असं आठवड्यातून पाच दिवस. त्यांनी गटाकडून ५५ हजारांचं कर्ज घेतलं, दर महा एक टक्का व्याज, तीस हप्ते. शहरातल्या एका दुकानातून चार्जिंगची गाडी आणली. दुकानदार म्हणाला, लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको, एका चार्जिंगला साठ किलोमीटर जाते. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फेरी मारून दाखवली. गाडी छान पळाली. पेढे वाटले, हळदकुंकू वाहिलं.

तिसऱ्या दिवशी कापडाचं गाठोडं पुढे घेऊन ताई घाट चढायला लागल्या. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर गाडी माणसाच्या चालीनं चालायला लागली, आणि पुढे थांबलीच. मागच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. पाऊण तास थांबून पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. शेवटी एका वडापवाल्यानं गाठोडं जीपच्या टपावर घेतलं, आणि ताई गाडी ढकलत वर आल्या. त्यानंतर ती गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली. हप्ता मात्र उभा राहत नाही. दर महिन्याला दोन हजारांच्या वर रक्कम जात होती, आणि वडापचं भाडं वेगळं.

गटाची बैठक बसली. एक-दोघी म्हणाल्या, हिनं बघून घ्यायला नको का? मग आम्ही त्यांचा अर्ज काढून वाचला. परतफेड कशी करणार, जामीन कोण, हप्ता किती, सगळं आम्ही विचारलं होतं. गाडी कुठली आणि ती आपला घाट चढेल का, हे कुणीही विचारलं नव्हतं. शेळी घेताना आपण तिचे दात बघतो, कास बघतो. गाडी घेताना नुसता रंग बघितला. म्हणजे चूक एकट्या ताईंची नव्हती. गटाची होती, आणि आमचीही होती.

म्हणून आम्ही माहिती गोळा केली. मेकॅनिकला विचारलं, दुकानं फिरलो, घाटात गाड्या चालवून बघितल्या. जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ताकदीची. बिनालायसनची गाडी कुठली, हे कायद्यात ठरलेलं आहे. मोटार २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तरच लायसन आणि नंबर प्लेट लागत नाही. आता भरलेला हंडा घेऊन सपाटीनं चालणं वेगळं आणि तोच हंडा घेऊन पायऱ्या चढणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गाडीचंही तसंच आहे. धरा, गाडी, बाई आणि गाठोडं मिळून १६० किलो वजन आहे. चढ आठ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. ताशी १५ किलोमीटरनं जायचं म्हटलं तरी नुसतं हे वजन वर उचलायला पाचशे वॅटच्या वर ताकद लागते. २५० वॅटची मोटार थोडा वेळ दुप्पट ओढते, पण वीस मिनिटं ओढू शकत नाही. ती तापते, आणि मग गाडीच ताकद कमी करते किंवा बंद पडते. ताईंच्या गाडीचं नेमकं हेच झालं. गाडी खराब नव्हती, ती घाटाची नव्हती.

दोघींनी बसून ताशी ३० नं असाच चढ चढायचा असेल, तर दोन हजार वॅटच्या आसपास ताकद सतत लागते. म्हणून दुकानात विचारताना 'मोटार किती वॅटची' एवढंच विचारू नका. 'सलग किती वॅट देते' असं विचारा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुतेक वेळा काही सेकंदांच्या जोराचा असतो. घाटाला सलग चालणारा आकडा लागतो, आणि तो अडीच-तीन हजार वॅट असेल तर काळजी नाही. अशी गाडी लायसनची आणि हिरव्या नंबर प्लेटची असते. विनागिअरचं लायसन काढावं लागेल, विमा लागेल, हेल्मेट लागेल. त्याला घाबरू नका. लायसन हातात असलं की पोलिसांनी थांबवल्यावर बाईला मान खाली घालावी लागत नाही.

कुणी म्हणालं, बिनालायसनचीच घ्या, आम्ही आतली वायर बदलून वेग वाढवून देतो, तर त्या दुकानातून सरळ बाहेर या. तशी गाडी कायद्यानं मोटारगाडी ठरते. नोंदणी नाही, विमा नाही, आणि अपघात झाला तर सगळं तुमच्या गळ्यात.

माहितीच्या कागदावर 'चढण्याची क्षमता' असा एक आकडा असतो. तो अंशांत आहे की टक्क्यांत, ते बघा. दोन्ही एक नाहीत. दहा अंश म्हणजे साधारण अठरा टक्के. आणि तो आकडा एकट्या माणसाचा की दोघांचा, हेही विचारा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. बॅटरीत किती वीज मावते ते युनिटमध्ये सांगतात, आपल्या लाइटबिलावरचंच युनिट. अडीच युनिटची बॅटरी, तीन युनिटची बॅटरी, असं. सपाटीला साधी स्कूटर एका युनिटमध्ये तीस-चाळीस किलोमीटर जाते. घाटात हिशेब बदलतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर आहे, आणि कासचं पठार बाराशेच्या आसपास. म्हणजे बावीस-पंचवीस किलोमीटरच्या वाटेत आपण साडेचारशे-पाचशे मीटर वर चढतो. दोघी बसलेली गाडी तेवढी वर न्यायला सपाटीच्या खर्चावर आणखी पाव ते अर्धा युनिट जातो. जाताना उतार असला तरी येताना चढ आहेच. आमच्या हिशेबानं खाली-वर फेरीला दीड युनिट धरावं. कापडाचं ओझं, समोरचा वारा, थंडी आणि चार वर्षांत जुनी होणारी बॅटरी धरली, तर दोन युनिटची बॅटरी काठावर येते. अडीच-तीन युनिटची निर्धास्त.

जाहिरातीत लिहिलेले किलोमीटर ठरलेल्या पद्धतीच्या चाचणीचे असतात. आपल्या रस्त्यावर त्यातले निम्मे ते दोन तृतीयांशच मिळतील असं धरून चाला. मग फसगत होत नाही.

बॅटरी लिथियमची घ्या. शिशाची बॅटरी स्वस्त पडते, पण जड असते आणि लवकर बसते. २०२२ साली देशात काही चार्जिंगच्या गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले गेले. त्या नियमाचं नाव एआयएस १५६. गाडी या नियमात बसते का, असं विचारा आणि बिलासोबत लेखी घ्या. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि ताकद किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, या तीन गोष्टीही लेखी हव्यात. तोंडी वॉरंटी म्हणजे पावसातला चुना.

घरी चार्जिंगची सोय आधी बघा आणि मग गाडी ठरवा. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात अर्थिंगची वायर नुसती नावाला असते. आपल्या बऱ्याच घरांना पायऱ्या असतात, गाडी खाली रस्त्याला राहते आणि पॉइंट वर माजघरात. अशा घरी काढता येणारी बॅटरी बरी, पण ती एकदा स्वतः उचलून पायऱ्या चढून बघा. दहा-बारा किलोचं ओझं रोज उचलायचं आहे. घाट चढून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा तास निवू द्या. ओल्या हातानं आणि ओल्या प्लगनं तर कधीच नको.

तिसरी गोष्ट आरामाची. आराम म्हणजे मऊ सीट असं आपल्याला वाटतं. सीट तर हवीच, पण घाटात आराम म्हणजे भीती न वाटणं. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय पुरते जमिनीला टेकले पाहिजेत. चढावर गाडी थांबली आणि पाय टेकला नाही, की बाई गाडीसकट आडवी होते. मग ती पुन्हा त्या गाडीला हात लावत नाही, हे आम्ही बघितलं आहे. साडी नेसून बसून बघा, ड्रेस घालून नव्हे, जर रोज साडी नेसत असाल तर. पाय ठेवायची जागा सपाट आहे ना, गाठोडं ठेवल्यावर पायांना जागा उरते का, हँडल वळवताना गाठोड्याला अडतं का, बघा.

मागे बसणारीला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साडी गार्ड, या तिन्ही गोष्टी नियमानंच असायला हव्यात. दुकानदार म्हणेल, गार्डचे वेगळे पैसे. तेव्हा सांगा, की नियमात आहे.

चाकं मोठी असली की खड्ड्यातून कमी आदळतात. दहा इंचांपेक्षा बारा इंची बरी. गाडी रिव्हर्स जाते का विचारा. उतारावर तोंड करून लावलेली शंभर किलोची गाडी मागे ओढताना बाईची कंबर जाते. काही गाड्यांत चढावर थांबल्यावर मागे न घसरण्याची सोय असते. घाटात ती फार उपयोगाची. आणि डबल स्टँडवर गाडी तुम्हाला एकटीला लावता येते का, ते दुकानातच करून बघा. लाजू नका. पैसे आपले आहेत.

चौथी गोष्ट उताराची. सगळे चढाचं विचारतात, उताराचं कुणी विचारत नाही. चांगल्या चार्जिंगच्या गाडीत पीळ सोडला की मोटारच गाडीला मागे धरते, आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठे? भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही. म्हणून शंभर टक्के चार्ज करून घाट उतरायला लागलं, की मोटारीचं हे धरून ठेवणं जवळजवळ बंद असतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आपण वर राहणाऱ्या आहोत, आपल्या दिवसाची सुरुवातच उतारानं होते. म्हणून चार्जिंग नव्वद टक्क्यांवर काढा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली गाडी घ्या, आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबा.

आणखी एक सवय मोडायला हवी. पेट्रोल वाचवायला काहीजणी उताराला गाडी बंद करून सोडतात. चार्जिंगच्या गाडीला हे मुळीच करायचं नाही. बंद केली की मोटारीचा आधार जातो, दिवा जातो, आणि धुक्यात समोरच्याला तुम्ही दिसतच नाही. आपल्याकडचं जुलैचं धुकं काय असतं ते आम्ही वेगळं सांगायला नको.

आता पैशाचा हिशेब. रोज ४५ किलोमीटर जाणं-येणं धरा. पेट्रोलची स्कूटर घाटात लिटरला चाळीस देते असं धरलं, तर रोज एक लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे एकशे दहा-पंधरा रुपये. चार्जिंगला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, पावणेदोन युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सतरा-अठरा रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर चोवीसशेच्या आसपास वाचतात. पण हे रोज जाणारीचं झालं. जी बाई आठवड्यातून एकदा बाजाराला आणि महिन्यातून एकदा बँकेत जाते, तिला आम्ही स्पष्ट सांगतो, की ताई, तुम्हाला वडापच स्वस्त आहे. लाखभराची गाडी घेऊन हप्त्याखाली येऊ नका. सबसिडीच्या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता त्या दिवसाचं लेखी कोटेशन घ्या. आणि सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे का, तेही विचारा. गाडी बिघडल्यावर पुण्याला न्यायची असेल तर ती गाडी आपली नाही.

या सगळ्यानंतर आमच्या गटांनी एक नियम केला. गाडीच्या कर्जाचा अर्ज आला, की आधी घाटात फेरी. दुकानदाराला सांगायचं, ट्रायल तुमच्या दारात नको, यवतेश्वर घाटात हवी. घेणारी बाई पुढे, गटातली एक मागे, आणि रोजचं असतं तेवढं ओझं सोबत. पायथ्यापासून वरपर्यंत, न थांबता. मग सगळ्यात उभ्या चढावर मुद्दाम थांबायचं आणि तिथूनच पुन्हा निघायचं. वर पोचल्यावर बॅटरी किती टक्के उतरली ते वहीत लिहायचं. मग उतरायचं. एका दुकानानं नाही म्हटलं. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. ज्याला आपल्या मालावर भरवसा आहे, तो घाटात गाडी देतो.

पहिल्या फेरीला मागे कोण बसलं, सांगू? त्याच शिवणकामाच्या ताई, वीस किलोचं गाठोडं मांडीवर घेऊन. गाडी दुसरीच्या नावानं होणार होती, ती शहरात स्वयंपाकाच्या कामाला जाते. दुसरं वळण आलं तेव्हा ताईंनी डोळे मिटले होते, असं त्या स्वतःच हसत सांगतात. गाडी वळण चढली, आणि त्याच जागी थांबवून पुन्हा निघाली. त्या मैत्रिणीनं ती गाडी घेतली, आणि तिचा पहिला पावसाळा नीट गेला.

ताईंची जुनी गाडी त्यांच्या भावजयीनं बावीस हजारांना नेली. ती कोरेगावला राहते. घरापासून बाजार सपाटीला, दोन किलोमीटर. तिथे ती गाडी रोज पळते. राहिलेलं कर्ज ताईंनी शिलाईच्या पैशांतून फेडलं, एकही हप्ता चुकवला नाही. पंचसूत्रीत नियमित परतफेड लिहिणं सोपं असतं, बंद गाडीचा हप्ता भरणं अवघड असतं. शेवटचा हप्ता भरला त्या बैठकीत त्या म्हणाल्या, "माझे पैसे गेले ते गेले. पण माझ्या पैशांत तुम्ही सगळ्या शिकलात, हे वहीत लिहून ठेवा." आम्ही लिहून ठेवलं आहे.

मागच्या महिन्यात ताईंनी पुन्हा अर्ज दिला आहे, गाडीसाठीच. या वेळी अर्जासोबत त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद जोडलाय: मोटार सलग किती वॅट, बॅटरी किती युनिट, पाय टेकतात का, ब्रेक कुठले, वॉरंटी लेखी आहे का, सर्व्हिस सेंटर कुठे. आणि शेवटी लिहिलंय, घाटात ट्रायल कोणत्या दिवशी घ्यायची ते गटानं ठरवावं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे असा अर्ज आला, तर तो कागद असाच करा. आणि अर्ज मंजूर करणाऱ्या आपण सगळ्या जणी त्या फेरीला घाटात जाऊन उभ्या राहू. पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा.